विंडोज ७ वर लॅपटॉपचा टचपॅड चालता करताना

विंडोज ७ ही प्रणाली २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सर्वांसाठीचा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. तरीही ती पुष्कळ लॅपटॉपवर अजून रोजच्या वापरात आहे, आणि त्याला सबळ कारणे असतात. माझ्या मामांच्या छापखान्यातला लॅपटॉप हे त्याचेच उदाहरण आहे. त्यावरची मराठी अक्षरजुळणीची जुनी प्रणाली डोंगल (परवाना तपासणारे, पोर्टात लावायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही आणि तो डोंगल नव्या विंडोजवर ओळखलाच जात नाही, त्यामुळे विंडोज ७ सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकली, आणि त्या दिवसापासून टचपॅड निम्माच चालू लागला. पॉइंटर हलत असे, क्लिक होत असे. पण दोन बोटांनी पान वरखाली सरकत नसे, आणि टंकताना तळवा जरा टेकला की कर्सर भलत्याच ओळीत जाऊन पडत असे. दुरुस्ती करणाऱ्याने टचपॅड बदलावा लागेल असे सांगितले. प्रत्यक्षात टचपॅड पूर्णपणे शाबूत होता, फक्त त्याला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, मिळालेला नव्हता.

अशा तक्रारीत बहुतेकांचा वेळ एकाच चुकीत जातो. लॅपटॉपचे मॉडेल पाहून ते जो हाती लागेल तो ड्रायव्हर टाकून पाहतात, आणि तो चालला नाही की दुसरा. माझा अनुभव असा की आधी टचपॅडची ओळख पटवावी आणि मगच ड्रायव्हरला हात लावावा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत आणि नवख्या माणसाने तो क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पूर्वतयारी

सर्वप्रथम यूएसबी माउस जवळ घ्यावा. लॅपटॉपला काळे आणि निळे असे दोन्ही प्रकारचे यूएसबी पोर्ट असतील तर माउस काळ्या पोर्टात लावावा, कारण निळे पोर्ट यूएसबी ३.० चे असतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळात नसतो. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर ही अडचण आणखी वाढते. तिथे सगळेच पोर्ट यूएसबी ३.० च्या कंट्रोलरमार्फत (पोर्टांचे काम सांभाळणाऱ्या चिपमार्फत) चालतात, म्हणून तो ड्रायव्हर टाकेपर्यंत बाहेरचा माउसही निर्जीव राहतो.

माउस मिळालाच नाही तरी काम अडत नाही. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या की 'माउस कीज' सुरू करायचे का, असे विंडोज विचारते. होकार दिल्यावर आकड्यांच्या कळफलकावरील ८, २, ४ आणि ६ या कळांनी पॉइंटर हलतो आणि ५ ने क्लिक होते.

यानंतर 'कंट्रोल पॅनेल'मधील 'सिस्टिम' उघडून 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्ये एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे प्रणाली नंतर आजच्या स्थितीत परत नेण्याची नोंद, तयार करावा. या कामाला दोन मिनिटे लागतात आणि पुढे काही बिनसले तर तोच उपयोगी पडतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर आधीच काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

दोष टचपॅडचा की ड्रायव्हरचा

ड्रायव्हर शोधायला निघण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन कळीसोबत एखादी फंक्शन कळ दाबून टचपॅड बंद-चालू होतो. त्या कळीवर टचपॅडचे छोटे चित्र असते. एचपीच्या काही लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की तो बंद होतो आणि तेथील बारीक दिवा नारिंगी होतो. धूळ पुसताना अनवधानाने हे सहज घडते. बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगांतही, टचपॅड बंद करण्याची सोय असते. शिवाय यूएसबी माउस लावताच आतला टचपॅड आपोआप बंद करणारा पर्याय काही ड्रायव्हरमध्ये असतो, म्हणून माउस काढूनही एकदा पाहावे.

पॉइंटर आपोआप थरथरत असेल किंवा उड्या मारत असेल तर चार्जर काढून पाहावा. टचपॅड बोटाचा स्पर्श विद्युतधारितेतील सूक्ष्म बदलावरून ओळखतो. आपल्याकडे घरोघरी तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत लावण्याची सवय आहे, त्यात अर्थिंग तुटते आणि त्या धारितेच्या मोजणीत गोंधळ होतो. चार्जर काढताच पॉइंटर शांत झाला, तर ड्रायव्हर बदलून काहीही साधणार नाही; चांगले अर्थिंग असलेले सॉकेट शोधावे. ओल्या किंवा घामेजलेल्या बोटांनीही असाच त्रास होतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने पाहावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, त्याची कळ दबत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

हे सर्व ठीक असेल तर निर्णायक चाचणी करावी. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, ती लॅपटॉपवर न बसवता, 'ट्राय उबंटू' या पर्यायाने नुसती चालवून पाहावी. तेथे टचपॅड व्यवस्थित चालला आणि दोन बोटांनी पान सरकले, तर सुटा भाग बदलण्याचा खर्च पूर्णपणे अनाठायी ठरतो. दोष विंडोजमधील ड्रायव्हरचाच आहे हे निश्चित होते. मामांच्या लॅपटॉपवर मी हीच चाचणी केली आणि पहिल्या मिनिटातच पान सरकू लागले.

टचपॅडची ओळख

आता स्टार्ट मेनूच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'डिव्हाइस मॅनेजर' टंकून एंटर दाबावे. उघडलेल्या यादीत बाणांच्या कळांनी फिरता येते, उजव्या बाणाने गट उलगडतो आणि एंटरने त्या उपकरणाची माहितीची खिडकी उघडते. टचपॅड सहसा 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' या गटात सापडतो. तेथे 'पीएस/२ कंपॅटिबल माउस' असे नाव दिसले तर घाबरू नये. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला या टचपॅडचा खास ड्रायव्हर मिळाला नाही आणि तिने त्याला साध्या माउसप्रमाणे चालवायला घेतले आहे. पॉइंटर हलतो पण दोन बोटांची हालचाल कळत नाही, ती याचमुळे.

माहितीच्या खिडकीत कंट्रोल आणि टॅब दाबत 'डिटेल्स' या पानावर जावे आणि 'प्रॉपर्टी'च्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. खाली दिसणाऱ्या ओळींतच टचपॅडचे खरे नाव दडलेले असते. त्यात 'एसवायएन' ही अक्षरे असतील तर टचपॅड सिनॅप्टिक्सचा आहे, 'ईटीडी' किंवा 'ईएलएएन' असतील तर तैवानच्या एलानचा आहे आणि 'एएलपी' असतील तर जपानच्या आल्प्सचा. फक्त 'पीएनपी०एफ१३' एवढेच दिसले तर ते सर्वसाधारण पीएस/२ माउसचे नाव असते आणि त्यावरून निर्माता कळत नाही. तेव्हा लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरील तपशील किंवा लिनक्समधील उपकरणांची यादी पाहावी लागते. मिळालेली ओळ जशीच्या तशी, एकही अक्षर न गाळता, लिहून ठेवावी.

मामांच्या लॅपटॉपचा घोळ येथेच उलगडला. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला ड्रायव्हर सिनॅप्टिक्सचा होता, कारण कोणीतरी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपसाठी तो उतरवून घेतला होता. प्रत्यक्षात ओळीची सुरुवात 'ईटीडी'ने होत होती. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या एकाच मॉडेलमध्ये, ज्या वेळी जो पुरवठादार असेल त्याचा टचपॅड बसवतात, आणि ही गोष्ट लॅपटॉपच्या पाठीवरील चिकटपट्टीवर कोठेही लिहिलेली नसते. मॉडेलच्या नावावर विसंबू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

पीएस/२ आणि आय२सी

टचपॅड लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाशी दोनपैकी एका मार्गाने जोडलेला असतो, आणि कोणत्या मार्गाने हे कळल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. जुना मार्ग पीएस/२ चा आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या संगणकांपासून हे नाव चालत आले असून तो गोल प्लग आता दिसत नसला तरी लॅपटॉपच्या आत तीच पद्धत कित्येक वर्षे टिकून राहिली. या मार्गावरचा टचपॅड विंडोज ७ मध्ये ड्रायव्हरशिवायही किमान माउसइतका चालतोच.

नवा मार्ग आय२सी या जोडणीचा आहे. तिच्यावरून चालणाऱ्या टचपॅडचा मूळ ड्रायव्हर विंडोज ८ पासून प्रणालीतच समाविष्ट झाला, आणि ज्यांना 'प्रिसिजन टचपॅड' म्हणतात ते विंडोज ८.१ सोबत आले. विंडोज ७ मध्ये यांपैकी काहीच नाही. म्हणून २०१५ च्या आसपासच्या किंवा नंतरच्या लॅपटॉपवर कोणी विंडोज ७ टाकली तर आय२सीवरचा टचपॅड अर्धवट चालत नाही, तो पूर्णपणे गायब होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गटात काहीच दिसत नाही आणि 'अदर डिव्हायसेस'मध्ये पिवळ्या चिन्हाची अनोळखी उपकरणे दिसतात.

अशा लॅपटॉपवर सर्वांत आधी बायोस उघडावा. त्यासाठी लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा डिलीट, एचपीवर एफ१० आणि थिंकपॅडवर एफ१ ही कळ दाबावी लागते. एसरच्या अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये 'टचपॅड' नावाचा पर्याय असून त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि 'बेसिक' अशा दोन निवडी असतात. पहिली आय२सी मार्गाची आहे आणि दुसरी पीएस/२ ची. 'बेसिक' निवडून, एफ१० ने बदल जतन करून लॅपटॉप सुरू केला की विंडोज ७ मध्ये पॉइंटर हलू लागतो. एवढ्या एका बदलाने सुटलेली प्रकरणे मी पाहिली आहेत, म्हणून हा पर्याय शोधण्यात पाच मिनिटे अवश्य घालवावीत.

बायोसमध्ये तशी सोय नसेल तर इंटेलचा 'सीरियल आयओ' हा ड्रायव्हर लागतो, कारण आय२सीचा कंट्रोलर चालू झाल्याखेरीज त्याच्या पलीकडचा टचपॅड विंडोजला दिसूच शकत नाही. काही कंपन्यांनी सहाव्या पिढीच्या व्यावसायिक लॅपटॉपसाठी त्याची विंडोज ७ वरची आवृत्ती दिलेली आहे. आपल्या लॅपटॉपच्या पानावर ती नसेल आणि बायोसमध्येही पर्याय नसेल, तर यूएसबी माउस वापरावा आणि येथेच थांबावे. दहा ठिकाणांहून दहा ड्रायव्हर टाकून हा अडथळा ओलांडता येत नाही.

योग्य ड्रायव्हर कसा निवडावा

पहिले ठिकाण म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे सपोर्टचे पान. तेथे मॉडेलऐवजी सीरियल क्रमांक टाकून शोधावे, म्हणजे आपल्याच लॅपटॉपमधील भागांची यादी मिळण्याची शक्यता वाढते. टचपॅड बनवणाऱ्या कंपन्या आपले ड्रायव्हर बहुधा लॅपटॉपच्या कंपन्यांमार्फतच देतात, कारण प्रत्येक लॅपटॉपसाठी त्यात वेगळे फेरफार केलेले असतात. दुसरे ठिकाण म्हणजे मायक्रोसॉफ्टचे 'अपडेट कॅटलॉग'. तेथे आपण लिहून ठेवलेली हार्डवेअरची ओळ शोधचौकटीत टाकता येते. हे सारे उतरवून घेण्याचे काम दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर करावे. विंडोज ७ च्या जुन्या ब्राउझरमध्ये आजची पुष्कळ संकेतस्थळे उघडतही नाहीत, आणि सुरक्षेचे अपडेट न मिळणारी प्रणाली इंटरनेटपासून जितकी दूर राहील तितके बरे. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे आश्वासन देणारे प्रोग्राम चुकूनही टाकू नयेत; त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी येतात आणि टचपॅड होता तिथेच राहतो.

ड्रायव्हर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे 'सिस्टिम'च्या खिडकीत पाहून आपल्या विंडोजशी जुळवून घ्यावे. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही, त्याला कोणतीही पळवाट नाही.

यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. उतरवलेली फाइल लगेच चालवू नये. ती सेव्हन-झिप या मोफत साधनाने एका फोल्डरमध्ये उलगडावी आणि त्यातील 'आयएनएफ' प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. हा ड्रायव्हर कोणकोणत्या टचपॅडसाठी आहे त्याची यादी या फाइलमध्ये साध्या अक्षरांत असते. कंट्रोल आणि एफ दाबून आपली हार्डवेअरची ओळ शोधावी. ती सापडली तर ड्रायव्हर आपला आहे, मग तो भलेही त्याच कंपनीच्या शेजारच्या मॉडेलसाठी प्रसिद्ध झालेला असो. सापडली नाही तर तो बाजूला ठेवावा.

ती ओळ ज्या विभागात आहे त्याचे शीर्षकही वाचावे. 'एनटीएक्स८६' म्हणजे ३२ बिट आणि 'एनटीएएमडी६४' म्हणजे ६४ बिट. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच नाव असते, त्यामुळे त्यातील एएमडी हे दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचे नाव पाहून गोंधळू नये. शीर्षकाच्या शेवटी '६.२' असा आकडा असेल तर तो विभाग विंडोज ८ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी आहे; विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक ६.१ आणि व्हिस्टाचा ६.० आहे. आकडा मुळीच नसेल किंवा ६.० वा ६.१ असेल तर विंडोज ७ तो विभाग वाचू शकते. याच कारणाने व्हिस्टासाठीचे ड्रायव्हर विंडोज ७ वर अनेकदा चालतात.

येथे 'कंपॅटिबिलिटी मोड'बद्दल सांगणे आवश्यक आहे. सेटअपच्या फाइलवर उजवी क्लिक करून 'व्हिस्टासाठी चालवा' असा पर्याय निवडला की सेटअपला आपण व्हिस्टावर आहोत असे वाटते, आणि 'ही प्रणाली चालणार नाही' असे म्हणत अडून बसलेला सेटअप पुढे सरकतो. मात्र तो परिणाम सेटअपपुरताच असतो. आतला ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि त्याला असे समजावता येत नाही. तो मुळात जुळणारा असावा लागतो.

बसवण्याचा क्रम

आधी चिपसेटचा, म्हणजे मुख्य बोर्डावरील चिपांचा ड्रायव्हर, मग लागत असल्यास सीरियल आयओ, आणि शेवटी टचपॅडचा, असा क्रम ठेवावा. पूर्वी टाकलेला चुकीचा टचपॅड ड्रायव्हर 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मधून काढून लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. त्यानंतर लॅपटॉपच्या कंपनीचा सेटअप असेल तर तो प्रशासक म्हणून चालवावा.

सेटअप नसेल किंवा तो अडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर 'अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर' निवडून, संगणकावर शोधण्याचा पर्याय घेऊन, उलगडलेला फोल्डर दाखवावा. आधीचाच ड्रायव्हर सर्वोत्तम आहे असे विंडोजने सांगितले, तर यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा, 'हॅव डिस्क' दाबावे आणि तीच आयएनएफ फाइल दाखवावी. या खिडकीतील 'शो कंपॅटिबल हार्डवेअर'ची खूण काढू नये. ती काढली की जगातले सगळे माउस समोर येतात आणि कोणताही बळेच बसवता येतो. पीएस/२ मार्गावर टचपॅड आणि कळफलक एकाच कंट्रोलरवर असल्यामुळे भलता ड्रायव्हर कधी कधी कळफलकही बंद पाडतो. तसे झालेच तर लॅपटॉप सुरू होताना एफ८ दाबून 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' निवडावे. त्या मेनूपुरता तरी कळफलक चालतो.

चूक दाखवणारे आकडे

ड्रायव्हर बसूनही पिवळे चिन्ह राहिले तर उपकरणाच्या 'जनरल' पानावर एक आकडा दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलाच नाही. १० म्हणजे बसला, पण उपकरण सुरू होऊ शकले नाही. येथे हार्डवेअरची ओळ पुन्हा पडताळावी. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गहाळ आहे, आणि त्यासाठी तो काढून, लॅपटॉप बंद-चालू करून नव्याने टाकावा.

५२ हा आकडा मात्र विंडोज ७ च्या वापरकर्त्याला हमखास भेटतो, म्हणून त्याचे कारण समजून घ्यावे. ड्रायव्हर अस्सल असल्याची खूण म्हणून त्यावर डिजिटल सही असते. ६४ बिटची विंडोज ७ सहीविना ड्रायव्हर चालू देत नाही, आणि ही सही पूर्वी एसएचए-१ पद्धतीने होत असे. पुढे ती पद्धत असुरक्षित ठरून सर्व सह्या एसएचए-२ पद्धतीने होऊ लागल्या, पण मूळ विंडोज ७ ला ही नवी सही वाचताच येत नाही. त्यामुळे योग्य, अस्सल ड्रायव्हरही तिला बिनसहीचा वाटतो. जुन्या सीडीवरून नव्याने टाकलेल्या विंडोजवर ही अडचण नेमकी उभी राहते.

निदान पक्के करण्यासाठी सुरू होताना एफ८ दाबून सहीची सक्ती बंद करणारा 'डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट' हा पर्याय घ्यावा. ही सूट फक्त त्या एका वेळेपुरती असते. टचपॅड तेवढ्यापुरता चालला तर कारण सहीचेच आहे. कायमचा उपाय असा की आधी सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा सुधारणांचा एकत्रित संच) आहे याची खात्री करावी, मग अपडेट कॅटलॉगमधून २०१९ सालचे केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९ हे अपडेट याच क्रमाने टाकावेत, आणि लॅपटॉप बंद-चालू करावा. सक्ती कायमची बंद करून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. अपडेट न मिळणाऱ्या प्रणालीची उरलीसुरली तटबंदी स्वतःच्या हाताने पाडण्यासारखे ते आहे.

मामांच्या लॅपटॉपवर एलानचा योग्य ड्रायव्हर टाकल्यावर हाच ५२ आकडा आला होता. दोन्ही अपडेट टाकून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा घड्याळाशेजारी टचपॅडचे छोटे चिन्ह उमटले आणि मामांनी दोन बोटांनी लग्नपत्रिकेचे पान खालपर्यंत सरकवून पाहिले.

टचपॅड चालू झाल्यावर 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स'मध्ये संगणकाच्या चित्रावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' उघडावे आणि विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर कधीही न घेण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे प्रणाली आपणहून तो बदलणार नाही. उलगडलेला ड्रायव्हरचा फोल्डर आणि दोन्ही अपडेटच्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि हार्डवेअरची ओळ कागदावर लिहून तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत टाकावा.